पान्हा कुठे अडतो?

बाळंतिणीच्या खोलीबाहेर उच्चारले जाणारे एक वाक्य आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे : ‘हिला दूधच नाही.’ हे वाक्य कधी सासूबाई म्हणतात, कधी माहेरची आत्या, कधी बाळाला पाहायला आलेली शेजारीण. आणि दुर्दैवाने कधी कधी प्रसूतिगृहातील परिचारिकाही. बाळंतपणाचा दुसरा किंवा तिसरा दिवस असतो. मूल रडत असते, आई थकलेली असते आणि घरातील वडीलधारी मंडळी काळजीत असतात. संध्याकाळपर्यंत दुधाच्या भुकटीचा डबा आणि बाटली घरात येते. पंधरवडा लोटतो आणि ते वाक्य खरे ठरते. आईला आता खरोखरच पुरेसे दूध येत नाही. ‘आम्ही म्हणतच होतो’, असे म्हणून सर्वजण आपल्या अनुभवाची पावती घेतात. परंतु जे भाकीत वर्तविले गेले, ते त्या भाकितामुळेच तर खरे झाले नाही ना, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

मातृत्वाची थोरवी गाण्यात आपला समाज कोणाला हार जाणार नाही. तथापि ज्या दुधावरून ही थोरवी गायिली जाते, ते तयार कसे होते, वाढते कशाने आणि आटते कशाने, याविषयी सुशिक्षित घरांतही विलक्षण अज्ञान आढळते. हृदयाचे चार कप्पे आणि अन्नमार्गाची लांबी आपण शाळेत घोकलेली असते. स्तन्यनिर्मितीवरचे पान मात्र एक तर पुस्तकात नसते, किंवा असले तरी वर्गात संकोचाने उलटले जाते. या अज्ञानाची किंमत तान्हे मूल देते आणि दोषाचे ओझे आई वाहते. म्हणून हा विषय केवळ बायकांच्या कुजबुजीचा न राहता चारचौघांच्या विचाराचा व्हावा, असे म्हणावेसे वाटते.

गंमत अशी की, या बाबतीत आपली भाषा आपल्यापेक्षा अधिक जाणती आहे. मराठीत दूध वेगळे आणि पान्हा वेगळा. दूध साठते, पान्हा फुटतो. या दोन निराळ्या क्रिया आहेत हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते आणि आधुनिक शरीरशास्त्रही नेमके हेच सांगते. स्तनाच्या आत द्राक्षांच्या घडांसारख्या अतिसूक्ष्म पिशव्या असतात. त्यांच्या अस्तरातील पेशी आईच्या रक्तातून लागणारी द्रव्ये घेऊन दूध बनवितात. बाळ चोखू लागले की त्या स्पर्शाचा संदेश मज्जातंतूंवाटे मेंदूपर्यंत जातो आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून दोन संप्रेरके रक्तात उतरतात. त्यांपैकी प्रोलॅक्टिन पेशींना दूध तयार करावयास लावते. दुसरे, ऑक्सिटोसिन, त्या पिशव्यांभोवतीचे चिमुकले स्नायू आकुंचित करून तयार असलेले दूध नलिकांमधून पुढे ढकलते. हाच पान्हा. दूध असूनही पान्हा न फुटणे शक्य असते, ही एक गोष्ट ध्यानात घेतली तरी बाळंतिणीच्या खोलीतील निम्मे गैरसमज दूर होतील.

आता काळाचा हिशेब पाहू. गरोदरपणाच्या मध्यापासूनच स्तन दूध करण्यास सिद्ध झालेले असतात. परंतु गर्भाची वार जी संप्रेरके स्रवत असते, विशेषतः प्रोजेस्टेरॉन, ती या कामाला आवर घालून ठेवतात. प्रसूतीनंतर वार पडली की हा आवर सुटतो. तरीही भरपूर दूध उतरू लागण्यास साधारणतः दोन ते तीन दिवस लागतात. शस्त्रक्रियेने प्रसूती झाली असेल, किंवा प्रसूती दीर्घकाळ रेंगाळली असेल, तर कधी थोडे अधिक. तोपर्यंत येतो तो चीक : दाट, पिवळसर आणि मोजून काही चमचे. नवजात बालकाचे जठर इतके लहान असते की एका वेळी त्याला त्याहून फारसे लागतही नाही. पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे घटते आणि साधारणतः दोन आठवड्यांत ते पूर्वपदावर येते, हाही निसर्गक्रमच होय. म्हणजे ज्या दिवशी ‘हिला दूधच नाही’ असा निकाल दिला जातो, त्या दिवशी बहुतेक मातांच्या बाबतीत दुधाची वेळच झालेली नसते.

या चिकाची कथा तर आपल्या विसंगतीचा उत्तम नमुना आहे. गाय किंवा म्हैस व्याली की तिच्या चिकाचा खरवस आपण वेलची घालून आवडीने करतो, शेजारीपाजारी वाटतो. शहरात तर त्यासाठी दुकानाबाहेर थांबतो. परंतु स्वतःच्या घरातील बाळंतिणीचा चीक मात्र पिढ्यान् पिढ्या अनेक घरांत ‘जड’ किंवा ‘वाईट’ म्हणून पिळून टाकला गेला आणि त्याच्या जागी बाळाच्या जिभेवर मध, गुळाचे पाणी नाही तर घुटी आली. चिकात रोगप्रतिबंधक द्रव्यांचे प्रमाण फार मोठे असते. बाळाच्या आतड्याला त्याचे जणू अस्तरच बसते. याउलट वर्षाच्या आतील मुलाला मध देणे धोक्याचे आहे, कारण त्यातून क्वचित का होईना पण गंभीर विषबाधा होऊ शकते. वासराचा चीक वासराला थोडा तरी ठेवणारा आपला शेतकरी स्वतःच्या नातवाच्या बाबतीत मात्र त्याहून कमी उदार ठरला, असेच म्हणावे लागेल.

दूध एकदा उतरू लागल्यावर पुढचा कारभार बव्हंशी स्तनातच चालतो आणि त्याचा नियम साधा आहे : जितके दूध काढले जाईल तितके नवे तयार होईल. स्तन भरलेला राहिला की निर्मिती मंदावते आणि रिता झाला की ती वेग घेते. स्कॉटलंडमधील हॅना संशोधन संस्थेत १९८० च्या दशकात शेळ्यांवर जे प्रयोग झाले, त्यांतून हे स्थानिक नियंत्रण चांगले स्पष्ट झाले. मूल एकाच बाजूला पीत असेल तर त्या बाजूचे दूध चालू राहते आणि दुसऱ्या बाजूचे आटत जाते, हा अनुभव याच नियमाचा पुरावा आहे. स्तनांच्या लहानमोठ्या आकाराचा दूध तयार करण्याच्या क्षमतेशी संबंध नाही. फार तर एका वेळी किती साठेल एवढाच फरक पडतो. पिण्याची संधी वारंवार मिळाली, रात्रीचे पाजणे सुटले नाही आणि बाळाची पकड नीट बसली, तर पहिल्या सहा महिन्यांत बहुतेक माता दिवसाला सुमारे पाऊण लिटर दूध सहज तयार करतात. त्यात जवळजवळ ८७ टक्के पाणीच असल्यामुळे वैशाखाच्या उन्हातही त्या वयाच्या बाळाला वरचे पाणी लागत नाही.

या नियमाच्या प्रकाशात बाटलीचा हिशेब मांडून पाहावा. बाळ रडले म्हणून बाटली दिली. पोट भरलेले बाळ पुढचे तीन तास झोपले. तेवढा वेळ स्तन भरलेला राहिला आणि शरीराने अर्थ काढला की मागणी कमी झाली आहे. दुसऱ्या दिवशी दूध थोडे कमी तयार झाले, बाळ लवकर रडले आणि बाटलीत एक माप वाढले. असे दहा दिवस चालले की अकराव्या दिवशी आईला दूध नसते. यात कोणाचाही दुष्ट हेतू नव्हता. घरातील प्रत्येकाने प्रेमापोटीच केले. परंतु जे तूट भरून काढण्यासाठी दिले, त्यानेच तूट निर्माण केली. पूर्वी घड्याळानेही असाच घात केला. न्यूझीलंडचे डॉक्टर ट्रुबी किंग यांनी १९०७ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेने दर चार तासांनी पाजावे आणि रात्री पाजूच नये, अशी कडक शिस्त प्रचारात आणली होती. वेळापत्रकाची ही आवड माणसाच्या शिस्तप्रियतेला शोभून दिसते. बाळाच्या भुकेला आणि आईच्या ग्रंथींना मात्र ती कळत नाही.

पान्ह्याची गोष्ट याहूनही नाजूक आहे. गोठ्यात वावरलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. धार काढताना तो आरडाओरडा करू देत नाही, परक्याला जवळ येऊ देत नाही, आधी वासरू लावतो आणि जनावर पान्हवण्याची वाट पाहतो. जनावर बिथरले तर ते दूध ‘चोरते’, हे त्याला पक्के ठाऊक असते. स्त्रीची जनावराशी बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही. परंतु गोठ्यात दाखविले जाणारे शहाणपण माजघरात का हरवते, हा प्रश्न मात्र विचारावाच लागेल. अमेरिकेत न्यूटन दांपत्याने १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेला एक लहानसा प्रयोग या संदर्भात बोलका आहे. पाजत असलेल्या एका मातेला वेदना आणि व्यत्यय यांनी मुद्दाम विचलित केले, तेव्हा बाळाच्या पोटात गेलेले दूध बरेच घटले; विचलन तसेच ठेवून ऑक्सिटोसिन टोचले, तेव्हा ते जवळजवळ पहिल्याइतके झाले. म्हणजे दूध होतेच. पान्हा अडला होता. आता ज्या आईच्या टाक्यांत कळ येत आहे, जिच्या उशाशी बसून चार जण तिच्या दुधाची चर्चा करीत आहेत, मुलगी झाली म्हणून जिच्याशी कोणी धड बोलत नाही, तिचा पान्हा अडला तर दोष कोणाचा?

बाळंतिणीच्या आहाराबद्दलही दोन शब्द सांगितले पाहिजेत. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेपूची भाजी, खसखस यांचे आपल्याकडे मोठे प्रस्थ आहे. तिच्या शरीराला रोज काहीशे उष्मांक अधिक लागतात हे खरे. तेव्हा हे सारे तिला प्रेमाने मिळावे, यात वाद नाही. परंतु लाडूने दूध वाढते आणि लाडू न मिळाल्याने आटते, हा समज मात्र सोडावयास हवा. आहार जेमतेम असलेल्या मातांनाही पुरेसे दूध येते. फक्त ते त्यांच्या स्वतःच्या हाडामांसातून येते. निसर्ग आधी मुलाचे पाहतो आणि आईची झीज सोसतो. म्हणून आईला चांगले खाऊ घालावयाचे ते दुधासाठी नव्हे, आईसाठी.

घरातून आता इस्पितळाकडे वळू. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ७८.९ टक्के प्रसूती दवाखान्यांत झाल्याचे आढळले. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण ८८.६ टक्क्यांवर गेले. ही प्रगती निःसंशय अभिमानास्पद आहे. पण जन्मानंतर पहिल्या तासात आईच्या अंगावर पाजल्या गेलेल्या मुलांचे प्रमाण पहिल्या पाहणीत ४१.६ टक्के होते आणि दुसऱ्या पाहणीत ४१.८ टक्के. दवाखान्याच्या दाराशी पोचलेल्या माता इतक्या वाढल्या, आणि पहिला तास मात्र जागच्या जागी राहिला! २०१९-२१ च्या त्याच पाहणीत खाजगी दवाखान्यांतील ४७.४ टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्याची नोंद आहे. शस्त्रक्रिया झाली म्हणून पाजता येत नाही असे मुळीच नाही. परंतु तेथे आई एका खोलीत आणि बाळ दुसऱ्या खोलीत जाण्याची शक्यता वाढते, आधार देणारे हात अधिक लागतात आणि ते हात सहसा मोकळे नसतात. सहा महिन्यांखालील मुलांना केवळ अंगावरच पाजण्याचे प्रमाण या दोन पाहण्यांदरम्यान ५४.९ टक्क्यांवरून ६३.७ टक्क्यांवर गेले, हे समाधान त्याच्या जोडीला नोंदविलेच पाहिजे. माता ऐकावयास तयार आहेत. त्यांना सांगणारे आणि सांभाळणारे कमी पडत आहेत, असाच या आकड्यांचा अर्थ आहे.

जेथे घर आणि दवाखाना कमी पडतो, तेथे बाजार तत्परतेने पुढे येतो. बालरोगतज्ज्ञ सिसली विल्यम्स यांनी १९३९ मध्ये सिंगापूर येथील भाषणात गोड, घट्ट दुधाच्या डब्यांमुळे मरणाऱ्या अर्भकांबद्दल कठोर शब्द वापरले होते. पुढे १९७४ मध्ये ब्रिटनमध्ये याच विषयावर प्रसिद्ध झालेल्या पुस्तिकेने खळबळ उडविली, १९७७ मध्ये बहिष्काराची चळवळ उभी राहिली आणि १९८१ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेने स्तन्यपर्यायांच्या विक्रीसंबंधीची आचारसंहिता ११८ विरुद्ध १ मतांनी संमत केली. विरोधाचे ते एक मत अमेरिकेचे होते. भारताने १९९२ मध्ये यासंबंधी स्वतंत्र कायदा केला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक केला. डब्याच्या दुधाची जाहिरात, मातांना फुकट नमुने वा भेटवस्तू, डब्यावर गुटगुटीत बाळाचे चित्र, हे सारे त्या कायद्याने निषिद्ध ठरविले. त्यासाठी झटणाऱ्या ‘ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया’ या संस्थेची स्थापना १९९१ मध्ये आपल्या वर्ध्यात झाली, हे आपल्यासाठी विशेष. तथापि कायदा भिंतीवरची जाहिरात पुसू शकतो. आईच्या मनातील शंका पुसू शकत नाही. ‘दूध पुरत नसेल’ ही शंका हीच या व्यापाराची खरी जाहिरात आहे आणि ती आपणच आपल्या घरात विनामूल्य करीत असतो.

यानंतर येतो नोकरीचा प्रश्न. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी १२ ऐवजी २६ आठवड्यांची सवेतन रजा मिळाली; पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराचे बंधन आले. पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी राखल्या गेल्या. तरी साधे अंकगणित करून पाहावे. सव्वीसपैकी आठ आठवडे प्रसूतीपूर्वी खर्ची पडले तर उरतात अठरा. म्हणजे जेमतेम चार महिने. आणि मुलाला केवळ अंगावर पाजावयाचे ते सहा महिने. उरलेल्या दोन महिन्यांत शिक्षिकेने दोन तासांमध्ये किंवा लिपिक भगिनीने दोन फायलींमध्ये दूध कोठे आणि कसे काढून ठेवावयाचे? काढले नाही तर स्तन भरलेला राहील आणि वर सांगितलेला नियम आपले काम करील. ही झाली रजा असलेल्यांची स्थिती. बाळ चार-सहा आठवड्यांचे होत नाही तोच फडावर परतणारी ऊसतोड बाई, धुण्याभांड्यांची कामे हातची जाऊ नयेत म्हणून धावणारी मोलकरीण यांच्यापर्यंत सवेतन रजेचे हे हात पोचतच नाहीत. बाळासाठी रायगडाचा कडा उतरून जाणाऱ्या हिरकणीची कथा आपण अभिमानाने सांगतो, एस.टी. स्थानकांवरील स्तनपानाच्या खोल्यांना तिचेच नाव दिले. नाव सुंदर आहे. परंतु त्या खोलीला कुलूप असेल आणि किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच ठाऊक नसेल, तर गडाचे दरवाजे आजही संध्याकाळी बंदच होतात, असे म्हणावे लागेल.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. या विवेचनाचा अर्थ ‘प्रत्येक आईने पाजलेच पाहिजे आणि न पाजणारी ती कसली आई’, असा कोणी काढू नये. काही मातांना खरोखरच दूध कमी येते. स्तनातील ग्रंथींची वाढ अपुरी असणे, थायरॉइडचे विकार, प्रसूतीच्या वेळचा मोठा रक्तस्राव, वारेचा तुकडा आत राहणे, पूर्वीची शस्त्रक्रिया अशी त्याची वैद्यकीय कारणे आहेत. बाळाला दिवसाकाठी लघवी कमी होत असेल, ते पेंगुळलेले राहत असेल, वजन भरून येत नसेल, तर तत्त्वासाठी मूल उपाशी ठेवणे हे शहाणपण नव्हे. ताबडतोब डॉक्टरांकडे जावे, आणि वरचे दूध द्यावे लागले तर त्यात लाज कसली? मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. एका आईचे जास्तीचे दूध निर्जंतुक करून दुसऱ्या आईच्या अशक्त बाळाला देण्याची ही सोय म्हणजे जुन्या दूधआईचेच आधुनिक रूप होय. आईवर ठपका न ठेवता मुलाची भूक भागविता येते, हे त्या पेढीने दाखवून दिले.

सारांश, दूध हे केवळ आईच्या अंगी असलेले वा नसलेले द्रव्य नाही. आई, मूल आणि भोवतालची माणसे यांच्यातील व्यवहारातून ते रोज नव्याने घडत असते. म्हणून मागण्याही त्या सर्वांकडेच करावयास हव्यात. प्रसूतिगृहाने पहिला तास आई-बाळाचा मानावा आणि त्यांना एकत्र ठेवावे. बाळाची पकड कशी बसवावी हे दाखविणारी एक प्रशिक्षित परिचारिका प्रत्येक प्रसूतिकक्षात असावी. शाळा-कचेऱ्यांनी एक स्वच्छ खोली आणि अर्धा तास द्यावा. असंघटित कष्टकरी स्त्रीला पाजण्याचे सहा महिने परवडतील एवढे साहाय्य शासनाने द्यावे. शाळेच्या पुस्तकात हे पान असावे आणि ते मुलांनाही, मुलींइतकेच, शिकवावे. कारण उद्या रात्री दोन वाजता उठून आईला पाण्याचा तांब्या देण्याचे काम त्यांचे आहे.

आणि घराने? घराने फारसे काही करावयाचे नाही. तिचे इतर काम काढून घ्यावे, बाळ तिच्या कुशीत द्यावे, पाहुण्यांना दारातूनच नम्रपणे निरोप द्यावा, आणि ते एक वाक्य उच्चारू नये. ‘हिला दूधच नाही’ याऐवजी ‘होईल गं, घाई नाही’ एवढे जरी तिच्या कानांवर पडले, तरी पुष्कळ ठिकाणी अडलेला पान्हा मोकळा होईल.